औषधापूर्वी दर्शन : मुख व चेहऱ्याची शारीररचना

‘तोंड आले आहे, काहीतरी लावायला द्या’ ही मागणी प्रत्येक वैद्याच्या आणि प्रत्येक औषधालयाच्या नित्य परिचयाची आहे. रुग्ण बोट दाखवितो, आपण त्रिफळ्याचा काढा, खदिरादि वटी, इरिमेदादि तेल किंवा एखादे जेल देतो आणि बहुतेक वेळा पाच-सात दिवसांत रुग्णास बरे वाटते. परंतु याच मागणीच्या आड कधी दाताच्या मुळाशी साचलेला पू असतो, कधी लालाग्रंथीतील खडा असतो, तर कधी कर्करोगाचा आरंभ असतो. यांतील भेद औषधाने कळत नाही, तो पाहिल्याने कळतो. आणि कोठे काय पाहावयाचे हे कळण्यासाठी मुखाची रचना मनात स्पष्ट असावी लागते. या दृष्टीने चेहरा व मुख यांच्या शारीराची उजळणी प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

सुश्रुताचार्यांनी मुखरोग ६५ सांगितले असून त्यांची सात अधिष्ठाने दिली आहेत. ओष्ठाचे ८, दन्तमूलाचे १५, दन्ताचे ८, जिह्वेचे ५, तालूचे ९, कण्ठाचे १७ आणि सर्व मुख व्यापणारे ३ अशी ती गणना आहे. हे वर्गीकरण रचनेनुसार केलेले आहे, ही बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी होय. रोग कोणत्या जागी आहे हे आधी निश्चित करावे, मग त्याचा विचार करावा, असा त्यामागील क्रम दिसतो. शारीरस्थानात त्यांनी मृतदेह पाण्यात ठेवून त्याचे थर क्रमाने उकलून प्रत्यक्ष पाहण्याची रीतही सांगितली आहे. मुख तर जिवंत रुग्णातही चीरफाड न करता पाहता येते. केवळ तोंड उघडावयास सांगावयाचे आणि प्रकाश धरावयाचा, एवढेच काम असते.

चेहऱ्याचा सांगाडा

चेहऱ्याच्या सांगाड्यात १४ अस्थी मोजल्या जातात. त्यांपैकी हालचाल करणारी एकच, ती म्हणजे खालचा जबडा अर्थात अधोहन्वस्थी. बाकी सर्व परस्परांशी व कवटीशी घट्ट सांधलेल्या असतात. खालच्या जबड्याचे दोन सांधे कानांच्या पुढे, दोन्ही बाजूंस असून ते नेहमी एकत्र कार्य करतात. म्हणून एका बाजूच्या सांध्यात दोष असला तरी तोंड उघडताना हनुवटी एकीकडे सरकते.

वरच्या जबड्याच्या अस्थीत, गालाच्या मागे, हवेने भरलेली पोकळी असते, तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. वरच्या दाढांची मुळे या पोकळीच्या तळाला अगदी लगत असतात. त्यामुळे प्रतिश्यायाच्या रुग्णास वरच्या तीन-चार दाढा एकदम ठणकू लागतात व पुढे वाकल्यावर वेदना वाढते. उलट, किडलेल्या वरच्या दाढेचा पू पोकळीत उतरून एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येऊ शकतो. एका बाजूचा असा स्राव औषधाने हटत नसेल, तर त्या बाजूच्या दाढा अवश्य पाहाव्यात.

खालच्या जबड्याच्या आतून एक बोगदा जातो. त्यातून खालच्या दातांना व ओठाला संवेदना देणारा मज्जातंतू वाहतो आणि उपदाढांच्या मुळांजवळील छिद्रातून बाहेर पडून हनुवटी व खालच्या ओठाकडे पसरतो. ज्याचा दात काढलेला नाही, ज्याला मार लागलेला नाही, अशा रुग्णाने ‘खालचा ओठ एका बाजूने बधिर वाटतो’ असे सांगितल्यास ते वातप्रकोपाचे किरकोळ लक्षण समजून सोडून देऊ नये. अस्थीच्या आत काही वाढत असल्याची ती सूचना असू शकते व तिचा शोध क्ष-किरण चित्राने घ्यावा लागतो.

मांसपेशी आणि मज्जातंतू

चेहऱ्यावरील मांसपेशींचे दोन वर्ग आहेत. हसणे, डोळे मिटणे, कपाळास आठ्या घालणे ही कामे करणाऱ्या पेशी त्वचेला जोडलेल्या असून त्यांना सातवा, म्हणजे फेशियल, मज्जातंतू चालवितो. हा मज्जातंतू कानापुढील पॅरोटिड या लालाग्रंथीतून जाताना पाच प्रमुख शाखांत विभागतो. चावण्याच्या चार पेशींच्या जोड्या मात्र जबड्याला जोडलेल्या असतात व त्यांना पाचवा, म्हणजे ट्रायजेमिनल, मज्जातंतू चालवितो. चेहऱ्याची स्पर्शसंवेदनाही मुख्यत्वे याच पाचव्याच्या तीन शाखा वाहून नेतात.

अर्दिताच्या रुग्णात या रचनेचा उपयोग तत्काळ होतो. कपाळाच्या पेशींना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते, तर गालाच्या खालच्या भागास प्रामुख्याने विरुद्ध बाजूकडूनच मिळते. म्हणून रुग्णास भुवया वर करण्यास सांगावे. चेहऱ्याच्या एका बाजूला कपाळासकट सर्व हालचाल थांबली असेल, तर दोष बहुधा मज्जातंतूच्या मार्गात असतो. तोंड वाकडे झाले आहे पण कपाळावर आठ्या दोन्हीकडे नीट पडतात, असे असेल तर मेंदूतील आघाताची शंका घ्यावी. अशा रुग्णास, तसेच अर्दितासोबत हातापायात दुर्बलता किंवा बोलण्यात अडखळणे असेल त्यास, कपाळाची स्थिती कशीही असली तरी नस्य अथवा अभ्यंग यांचा विचार बाजूस ठेवून तातडीने रुग्णालयात पाठवावे. तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

श्रम केल्यावर खालच्या जबड्यात, विशेषतः डावीकडे, येणारी व विश्रांतीने थांबणारी वेदना हृदयाची असू शकते, हेही ध्यानात असावे.

मुखाची दोन दालने

तोंड मिटले असता मुखाचे दोन भाग पडतात. ओठ-गाल व दात यांच्यामधील अरुंद फट हे पहिले दालन, आणि दातांच्या आतील जागा हे दुसरे. पहिल्या दालनात वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतील बाजूस एक बारीक उंचवटा दिसतो. तेथे पॅरोटिड ग्रंथीची नळी उघडते. दुसऱ्या दालनात जीभ वर उचलली असता मध्यरेषेतील पडद्याच्या दोन्ही बाजूंस दोन सूक्ष्म उंचवटे दिसतात. ही जबड्याखालील लालाग्रंथींची मुखे होत. लालाग्रंथीतील खडे बहुतांशी याच ग्रंथीत होतात. तिची नळी लांब व चढती असून लाळ दाट असते, हे त्याचे कारण सांगितले जाते. जेवावयास बसताच जबड्याखाली सूज येते व तास-दोन तासांत उतरते, असा इतिहास मिळाला तर जिभेखाली बोट फिरवून पाहावे. खडा पुष्कळदा हाताला लागतो.

काही प्राकृत रचना रोग म्हणून दाखविल्या जातात. जिभेच्या मागच्या भागात उलट्या ‘व्ही’ या अक्षरासारख्या रांगेत ८ ते १२ मोठे अंकुर असतात. आरशात ते प्रथमच पाहून रुग्ण घाबरतो. गालाच्या आत व ओठांवर दिसणारे पिवळसर बारीक कण हे तैलग्रंथी असतात. टाळूच्या मध्यभागी हाडाचा कठीण, वेदनारहित उंचवटा काहींना उपजत प्रवृत्तीने येतो. या तिन्ही गोष्टींस औषधाची गरज नसते. नीट पाहून, प्राकृत असल्याची खात्री पटल्यावर रुग्णास धीर देणे ही देखील चिकित्साच होय.

दात, हिरड्या आणि थांबलेली वेदना

दुधाचे दात २० व कायमचे ३२. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेमागे उगवते. ती कोणताही दात पडल्यावाचून येत असल्याने पालक तिला दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून दुर्लक्ष करतात. आयुष्यभर चावण्याचा भार वाहणारी दाढ अशी दहाव्या वर्षीच जाते. सहा-सात वर्षांच्या मुलाची आई अन्य कारणाने आली असता ही एक गोष्ट तिला अवश्य सांगावी.

दाताचे बाह्य आवरण, इनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतो. दात उगवल्यानंतर ते घडविणाऱ्या पेशीच उरत नाहीत, म्हणून पडलेला खड्डा कोणत्याही मंजनाने अथवा औषधाने पुन्हा भरून येत नाही. त्याखाली डेंटिन व सर्वांत आत रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी युक्त असा मऊ गाभा असतो. हा गाभा चहूबाजूंनी कठीण भिंतींनी वेढलेला असून मुळाच्या टोकाशी अगदी अरुंद वाट असते. शरीराच्या इतर भागांत सूज आली की ऊती फुगून दाब सैल होतो. येथे फुगण्यास जागाच नसते, म्हणून ठणका असह्य होतो आणि आडवे झाल्यावर अधिकच वाढतो.

यातूनच एक मोठी फसगत घडते. तीन-चार रात्री ठणकणारी दाढ एके दिवशी अचानक शांत होते. रुग्ण लवंगतेलाचे वा वटीचे गुण गातो. वास्तविक पुष्कळदा त्या वेळी गाभा मृत झालेला असतो आणि संसर्ग मुळाच्या टोकातून अस्थीत उतरू लागलेला असतो. वेदना शमणे व रोग शमणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे रुग्णास समजावून त्यास दंतवैद्याकडे धाडणे आपले कर्तव्य होय.

हिरडी व दात यांमध्ये निरोगी अवस्थेत एक ते तीन मिलिमीटर खोलीची खाच असते. तेथे साचलेला थर कठीण होऊन खाच खोल होते, हिरडीतून रक्त येते व कालांतराने दात हलू लागतात. मधुमेहात ही प्रक्रिया वेगाने होते आणि हिरड्यांचा रोग बळावल्यास साखर आटोक्यात राहणेही कठीण जाते. हिरड्या फुगून दातांवर चढत असतील तर रुग्ण फिनिटॉइन, निफेडिपीन, अम्लोडिपीन किंवा सायक्लोस्पोरिन घेत आहे काय, हे विचारावे. मात्र ही औषधे आपण स्वतः बंद करू नयेत. देणाऱ्या चिकित्सकास कळवावे.

पू कोणत्या वाटेने जातो

खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूने मायलोहायॉइड नावाची पातळ मांसपेशी निघते व मुखाचा तळ झोळीसारखा उचलून धरते. ती जबड्यावर तिरकी चिकटलेली असते. पुढच्या दातांची मुळे तिच्या वर राहतात, तर दुसऱ्या व तिसऱ्या दाढेची मुळे बहुधा तिच्या खाली उतरतात. म्हणून पुढच्या दाताचा पू आतल्या बाजूस फुटलाच तर तो जिभेखाली येतो, आणि अक्कलदाढेचा पू थेट जबड्याखाली, मानेच्या बाजूस उतरतो. तेथून दोन्ही बाजूंस पसरल्यास मुखाचा तळ लाकडासारखा कठीण होतो, जीभ वर व मागे ढकलली जाते आणि श्वासमार्ग बंद होऊ लागतो. जर्मन शल्यचिकित्सक विल्हेल्म फ्रिड्रिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. तिला आजही त्यांचेच नाव आहे.

दातदुखीच्या रुग्णात जबड्याखाली सूज, ताप, गिळण्यास त्रास, लाळ गळणे, आवाज घोगरा होणे, जीभ उचललेली दिसणे किंवा तोंड न उघडणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्ण घरी पाठवू नये, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावा. दातामुळे आलेल्या सुजेवर बाहेरून गरम शेक देण्याची घरगुती पद्धत आहे. तीही टाळण्यास सांगावी, कारण पू त्वचेकडे ओढला जाण्याची भीती असते. वरचा ओठ व नाक यांच्या परिसरातील फोड पिळू नये, हाही उपदेश रचनेवरच आधारलेला आहे. तेथील शिरांचा संबंध डोळ्याच्या शिरांमार्फत थेट कवटीच्या आतील रक्तकोषाशी येतो.

न भरणारा व्रण

मुखातील श्लेष्मल त्वचा सर्वत्र एकसारखी नसते. हिरड्या व कठीण टाळू येथे ती जाड व अस्थीस घट्ट चिकटलेली, तर गाल, ओठांची आतील बाजू, जिभेची खालची बाजू व मुखाचा तळ येथे पातळ व सैल असते. नेहमीचे, वेदनायुक्त, लाल कडेचे मुखपाकाचे लहान व्रण बहुधा या पातळ त्वचेवर येतात आणि ७ ते १४ दिवसांत भरून निघतात.

कर्करोगाच्या आरंभी मात्र पुष्कळदा वेदना नसते, आणि तो पुष्कळदा सहज न दिसणाऱ्या जागी असतो. जिभेच्या कडा, विशेषतः मागील बाजू, मुखाचा तळ, अक्कलदाढेमागील त्रिकोणी जागा आणि गाल व खालची हिरडी यांमधील खाच या त्या जागा होत. शेवटची खाच आपल्याकडे अधिक महत्त्वाची आहे, कारण तंबाखू-चुना, गुटखा व मावा यांची गोळी तेथेच तासन्‌तास धरली जाते. जगातील ओठ व मुखाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश भारतात आढळतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, आणि दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास देशभर १९९२ मध्येच मनाई झाली. तरीही भाजलेल्या तंबाखूची मशेरी घरोघरी लावली जाते. ‘व्यसन आहे काय’ असे विचारल्यास मशेरी लावणारी स्त्री ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या दृष्टीने ते दात घासणे असते. म्हणून ‘दात कशाने घासता’ असेच विचारावे.

सुपारीचा दुष्परिणाम निराळा आहे. तिने गालातील ऊती तंतुमय होऊन ताठरतात, तिखट झोंबते, गाल पांढुरके व कडक लागतात आणि तोंड हळूहळू कमी उघडते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत या विकाराची नोंद केली व १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन केले. आज तो ओरल सबम्युकस फायब्रोसिस या नावाने ओळखला जातो. प्रौढ व्यक्तीचे तोंड साधारणतः स्वतःची तीन बोटे उभी मावतील इतके उघडते. तरुण रुग्णात दोनच बोटे मावत असतील तर त्यास केवळ हनुग्रह म्हणून तेल चोळून चालणार नाही. सुपारी बंद करविणे व तज्ज्ञांकडून नियमित तपासणी करविणे आवश्यक आहे, कारण या अवस्थेतून कर्करोग उद्भवू शकतो.

मुखपरीक्षणाचा क्रम

आपल्याकडील दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा येथे जशीच्या तशी लागू पडते. चांगला टॉर्च, हातमोजे, दोन लाकडी पट्ट्या व गॉजचा तुकडा एवढे साहित्य पुरते. कवळी असल्यास प्रथम काढावयास सांगावी.

१. समोरून चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंची तुलना करावी. नंतर मागे उभे राहून जबड्याखाली व मानेत लसीकाग्रंथी चाचपाव्यात. कठीण, वेदनारहित व न हलणारी गाठ गंभीर समजावी.
२. तोंड किती उघडते ते पाहावे.
३. दोन्ही ओठ उलटवून, मग दोन्ही गाल पट्टीने बाजूस सारून खालच्या खाचेपासून अक्कलदाढेमागील जागेपर्यंत पाहावे.
४. हिरड्या व दात पाहावेत. टोकदार दात जिभेला वा गालाला घासतो काय, हे तपासावे.
५. जिभेचे टोक गॉजने धरून ती प्रथम उजवीकडे, मग डावीकडे ओढून कडा पूर्ण पाहाव्यात.
६. जीभ वर लावावयास सांगून मुखाचा तळ पाहावा व एक बोट आत, दुसऱ्या हाताची बोटे जबड्याखाली ठेवून चाचपावा.
७. शेवटी टाळू, पडजीभ व कण्ठ पाहावा.

या सर्वास तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. कारण दूर करूनही दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमली लाल चट्टा, कारणाविना हलणारा दात अथवा ओठाची बधिरता आढळल्यास रुग्णास बायोप्सीची सोय असलेल्या ठिकाणी लेखी चिठ्ठीसह पाठवावे. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा असतो, हे विसरू नये.

औषधालय मालकांस विनंती

पुष्कळ रुग्ण वैद्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांचे मुख कोणीही पाहत नाही. बधिरता आणणारे जेल वेदना झाकते आणि व्रण तसाच राहतो. म्हणून मुखासाठी औषध देताना ‘किती दिवसांपासून आहे’ हा एक प्रश्न विचारण्याची शिस्त काउंटरवरील प्रत्येक सहाय्यकास लावावी. एकाच ग्राहकाने तेच जेल दुसऱ्यांदा मागितले तर तिसऱ्यांदा देण्यापूर्वी मुख तपासून घेण्यास सांगावे. लवंगतेल कापसाच्या बोळ्याने दाताच्या खड्ड्यातच लावावयाचे असते, व्रणावर अथवा हिरडीवर ओतल्यास श्लेष्मल त्वचा भाजते, हेही बाटली देतानाच सांगावे.

केवळ पाहण्याने काय साधते, असा प्रश्न कोणी विचारील. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन केवळ प्रकाशात मुख पाहून तपासणी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३४ टक्क्यांनी कमी आढळले. ते सेवक दंतवैद्य नव्हते. त्यांना कोठे पाहावयाचे एवढे शिकविलेले होते. आपण तर शारीर शिकलेलो आहोत आणि आपला रुग्ण विश्वासाने स्वतःच समोर येऊन तोंड उघडतो. तेव्हा पुढच्या वेळी ‘तोंड आले आहे’ हे शब्द कानी पडताच औषधाच्या कपाटाकडे जाण्यापूर्वी टॉर्च हाती घ्यावा, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींस व औषधालय चालकांस आमची नम्र विनंती आहे.